माउंटवर लिहिलेले किलो आणि ट्रॅकिंगचा खरा हिशोब

दुर्बिणीसाठी गोटू माउंट (दुर्बीण ताऱ्यावर नेऊन त्याच्यामागे आपोआप फिरवणारा मोटरवाला आधार) घ्यायचा म्हटलं की सगळे पहिले तो किती वजन पेलतो तो आकडा बघतात. स्काय-वॉचरच्या ईक्यू६-आर प्रोला २० किलो लिहिलंय, झेडडब्ल्यूओच्या एएम५ला काउंटरवेट (दुर्बिणीचा तोल सांभाळणारं वजन) न लावता १३ आणि लावून २०. आकडा खोटा नसतो पण तेवढ्यावर पैसे टाकू नका, कारण फोटो काढायचे असतील तर लिहिलंय त्याच्या निम्मं ते फार तर दोन तृतीयांश एवढंच लोड करावं असं बहुतेक अनुभवी मंडळी सांगतात आणि मला ते शंभर टक्के पटतं.

शिवाय वजनाइतकीच लांबीसुद्धा छळते. पाच किलोची पिशवी हात खाली सोडून धरणं आणि तीच हात लांब करून धरणं यात जो फरक आहे तोच छोट्या रिफ्रॅक्टरमध्ये (भिंगाची दुर्बीण) आणि आठ इंची न्यूटोनियनमध्ये (आरशाची दुर्बीण). न्यूटोनियनची नळी जवळजवळ मीटरभर, वारा आला की शिडासारखी भरते. म्हणून मी कुठलाही सेटअप बघायला गेलो की लाइव्ह व्ह्यूमध्ये तारा झूम करून नळीला हलकीशी टिचकी मारतो आणि तारा किती वेळात शांत होतो ते बघतो, दोन-एक सेकंदात थांबला तर छान, नाचतच राहिला तर ट्रायपॉड आणि लोड दोन्ही बघायला हवेत.

आता ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्याच्या मागे फिरत राहणं. आकाश सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं आणि माउंटला तेवढंच, एकसारखं फिरायचं असतं, पण वर्म गिअर (चाक फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) कधीच परफेक्ट गोल नसतो. ईक्यू६च्या चाकाला १८० दात, म्हणजे वर्मचा एक फेरा साधारण ४७९ सेकंदांचा, आणि तीच चूक दर आठ मिनिटांनी परत येते. बघायला सोपं आहे, गायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघून माउंटची चूक सतत सुधारणं) बंद ठेवा, पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं) मुद्दाम थोडी बिघडवा, आणि खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याचं दहा मिनिटांचं एकच एक्स्पोजर घ्या. ताऱ्याची रेघ सरळ न येता लाटेसारखी येते, त्या लाटेची उंची म्हणजे तुमची पिरिऑडिक एरर, म्हणजे ठरावीक वेळाने परत येणारी ती चूक. मला हा फोटो कुठल्याही ब्रोशरपेक्षा जास्त आवडतो!!

ही एरर चालेल की नाही ते कॅमेरा आणि दुर्बिणीच्या फोकल लेंथवर ठरतं. एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद आकाश मावतं ते असं काढा: पिक्सेल मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये. ३.७६चा पिक्सेल ४०० एमएमवर टाकला तर १.९ आर्कसेकंद, १००० एमएमवर ०.७८. गायडिंगचा आरएमएस (सरासरी चूक) ०.९ आर्कसेकंद येत असेल तर पहिल्या सेटअपवर तारे मस्त गोल येतील, दुसऱ्यावर फुगलेले, माउंट तोच, लोडही तोच असला तरी.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे, पुण्यात ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशांवर, धुरकट क्षितिजाजवळ, आणि माउंट एवढा खाली वाकवला की काही मॉडेल्समध्ये काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला लागायला येतो. अलाइनमेंट ५ आर्कमिनिटं (एक आर्कमिनिट म्हणजे ६० आर्कसेकंद) चुकली तरी डेकमध्ये (डेक्लिनेशन, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशा) मिनिटाला १.३ आर्कसेकंदांपर्यंत ड्रिफ्ट होतो, मग लोक बिचाऱ्या गिअरला दोष देतात.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याकडून पीएचडी२ची (गायडिंगचं सॉफ्टवेअर) गायड लॉग फाइल मागा, नुसता स्क्रीनशॉट नको. त्यात आरए (राइट असेन्शन, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशा) आणि डेकचे आकडे वेगवेगळे बघा, आणि त्या रात्री वर कुठली दुर्बीण होती तेही विचाराच.