एका ठोक्याचा फरक

काल नाडीच्या १४५ ठोक्यांना मनगटावरचं घड्याळ नारिंगी होतं. आज १४५ लाच लाल झालं.

पर्वती तीच, पायऱ्या त्याच १०३, दमही तेवढाच लागला. फक्त आज मला पन्नास पूर्ण झाली. घड्याळाला जन्मतारीख ठाऊक आहे आणि ते २२० मधून वय वजा करून हृदयाचा कमाल वेग ठरवतं. काल १७१, आज १७०. त्याच्या ८५ टक्क्यांपुढे गेलं की लाल. १४५ हा आकडा नेमका त्या रेघेवर बसला होता, एका ठोक्याने पलीकडे गेला. वर पोचल्यावर निमाने डब्यातून केक काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत होते, पण लक्ष मनगटावर.

वय लपवायची हौस मला कधीच नव्हती. लागलं ते हे, की हा वरचा आकडा व्यायामाने वाढत नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका ताल धरून असतो, आणि वयाबरोबर त्याचा सर्वाधिक वेग उतरत जातो. रोज पळणाऱ्याचाही उतरतो, दिवसभर बसणाऱ्याचाही. मग थंडीत, पावसात, घरचे झोपलेले असताना मी एकटी उठत आले ते कशासाठी? दुपारभर हेच डोक्यात. कोणी विचारलंही नाही काय झालं म्हणून. हल्ली झोपेचंही... जाऊ दे. आणि बाबा एकावन्नचे असताना... ते आज नको.

संध्याकाळी वही काढली. सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून मिनिटभर मोजलेली नाडी त्यात आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी ७८ च्या आसपास. आता ६४. सरावलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, म्हणून बसल्या जागी त्याला कमी ठोके पुरतात. मग वजाबाकी केली. तेव्हा वर १७६, खाली ७८, मधे ९८. आता वर १७०, खाली ६४, मधे १०६. छत खाली आलं खरं, पण जमीन त्याहून जास्त खाली गेली. चढायला जागा वाढलीच आहे माझी! दोनदा ताळा करून पाहिला.

आणि ते २२० चं गणितही ढोबळच. समान वयाच्या दोघींच्या कमाल वेगात सहज दहा-बारा ठोक्यांचा फरक असू शकतो. २००१ मध्ये मांडलेलं दुसरं सूत्र आहे: वयाला ०.७ ने गुणायचं आणि २०८ मधून वजा करायचं. पन्नाशीला १७३ येतात. त्यांचे ८५ टक्के १४७, म्हणजे माझे १४५ पुन्हा नारिंगीत. मला आता त्या रंगापेक्षा थांबल्यानंतरचं मिनिट महत्त्वाचं वाटतं. पहिल्या मिनिटात ठोके बारा किंवा त्याहून कमीच उतरले तर डॉक्टर दखल घेतात. आज माझे १४५ वरून ११७ वर आले होते, केक कापायच्या आधीच. सकाळी ते बघूनही बघितलं नव्हतं.

घड्याळात १७३ भरलेत. पण माझा खरा आकडा कुठल्याच सूत्रात नाही, तो ट्रेडमिलवर, तारा लावून, डॉक्टरांसमोरच कळेल. सोमवारी फोन करून वेळ घेणार आहे. बाबांचं वयही त्यांना सांगणार आहे.