एका माणसाचा प्रवेश

आई, बाबा आणि मी असे तिघे नोव्हेंबरमध्ये पाच दिवस सिंगापूरला जाऊन आलो. शहर देखणे आहे, स्वच्छ आहे आणि वयस्कर माणसांना घेऊन फिरायला अतिशय सोयीचे आहे. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, त्यात मला भर घालायची नाही. मला लिहायचे आहे ते विमान सुटण्यापूर्वी मुंबईच्या विमानतळावर आम्ही काढलेल्या तीन तासांविषयी, आणि ज्या क्रेडिट कार्डामुळे ते तीन तास तसे गेले त्या कार्डाविषयी.

हे कार्ड मी दोन वर्षांपूर्वी घेतले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या माझ्या कार्यालयाच्या कामासाठी महिन्या-दीड महिन्याने मला दिल्लीला जावे लागते आणि विमानतळावरच्या खुर्च्यांवर बसून संध्याकाळ काढण्याचा मला कंटाळा आला होता. या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये, म्हणजे जेवणाची आणि आरामाची सोय असलेल्या वेगळ्या दालनात, मोफत प्रवेश मिळत होता. कार्डाचे वार्षिक शुल्क १०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातातून जाणारी रक्कम ११,८०० रुपये. वर्षभरात आठ लाख रुपये कार्डावर खर्च केले तर शुल्क माफ होते. पण त्या आठ लाखांत घरभाडे, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे धरत नाहीत, त्यामुळे दोन्ही वर्षी मी शुल्क भरले. तरीही पहिले वर्षभर मला त्याचे वाईट वाटले नाही. जुलैमधल्या एका रात्री मुंबईतल्या पावसामुळे दिल्लीहून सुटणारे विमान चार तास रखडले होते. त्या रात्री लाउंजमध्ये मला गरम जेवण मिळाले, फोन चार्ज करता आला, स्वच्छ स्वच्छतागृह मिळाले आणि एका कोपऱ्यात पाय लांब करून बसताही आले. एकट्या बाईला रात्री अकरा वाजता परक्या शहरात अशी जागा मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मी आजही नाकारणार नाही.

सिंगापूरचे ठरले तेव्हा मी या कार्डाचा पुरेपूर उपयोग करायचे ठरवले, आणि चूक तिथूनच सुरू झाली. कार्डाने खर्च केला की बँक बक्षीस म्हणून पॉइंट देते. बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकिटे काढली तर ते पाचपट मिळणार होते, म्हणून मी तिथूनच काढली. तिन्ही तिकिटांचे मिळून ९६,००० रुपये झाले आणि ९,६०० पॉइंट जमा झाले. एका पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे २,४०० रुपयांचा लाभ. पुढे आठवडाभराने सहज विमानकंपनीच्या संकेतस्थळावर त्याच विमानाचे भाडे पाहिले, तर ते माणशी १,४०० रुपयांनी कमी होते. तिघांचे ४,२०० रुपये जास्त देऊन मी २,४०० रुपये मिळवले होते, आणि तेही अशा पॉइंटच्या रूपात, की जे वापरायला मला पुन्हा त्याच महागड्या संकेतस्थळावर जावे लागणार होते. शिवाय विमान मध्यरात्रीचे होते. सकाळची विमाने त्या संकेतस्थळावर दिसतच नव्हती आणि मी दुसरीकडे शोधली नाहीत.

लाउंजसाठी आणखी एक अट होती. आधीच्या तीन महिन्यांत कार्डावर ७५,००० रुपये खर्च झालेले असले तरच पुढच्या तीन महिन्यांत मोफत प्रवेश मिळतो. अलीकडे बऱ्याच बँकांनी अशा अटी घातल्या आहेत. ती पुरी करण्यासाठी मी दिवाळीला घ्यायचा फ्रीज सप्टेंबरमध्येच घेतला. दिवाळीत त्याच दुकानात त्याच फ्रीजवर सूट होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी आईला सांगितले, "संध्याकाळचा स्वयंपाक करू नकोस, विमानतळावर आपल्याला सगळे मिळणार आहे." बाबांना मधुमेह आहे आणि रात्रीची गोळी त्यांना नऊच्या सुमारास जेवणाबरोबर घ्यावी लागते, हे मला ठाऊक होते. लाउंजमधल्या गरम जेवणाचे वर्णन मी त्यांना चार दिवस ऐकवत होते. बाबांनी तर विचारले होते, "तिथे भाकरी नसेल, पण फुलके असतील ना?"

पार्ल्याहून आम्ही साडेसहालाच निघालो. विमान मध्यरात्रीचे असताना इतक्या लवकर निघण्याचे कारणही लाउंजच होते, हे आता लिहिताना माझ्या ध्यानात येते. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून विमानकंपनीकडे आधीच व्हीलचेअर नोंदवली होती. सामान देण्याच्या खिडकीपाशी एक तरुण मुलगा ती घेऊन आला आणि त्याने बाबांना सुरक्षा तपासणीतून आणि इमिग्रेशनमधून इतक्या आपुलकीने नेले की आईने त्याला दोनदा त्याच्या गावाचे नाव विचारले. टर्मिनल दोनचे ते मोरपिसांसारखे खुलत जाणारे पांढरे खांब बाबा मान वर करून पाहत होते. २०१४ साली हे टर्मिनल सुरू झाले. तेव्हापासून त्यांना ते पाहायचे होते. या व्हीलचेअरचे आम्हाला काहीही द्यावे लागले नाही.

पावणेनऊला आम्ही लाउंजच्या दाराशी पोहोचलो. रांगेत आमच्यापुढे वीसेक माणसे होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कार्ड होते. आमची पाळी आल्यावर तिथल्या मुलीने माझे कार्ड यंत्रावर लावले, दोन रुपये कापल्याचा संदेश माझ्या मोबाइलवर आला आणि ती म्हणाली, "मॅडम, तुमचा प्रवेश आहे. सोबतच्या दोघांचे शुल्क भरावे लागेल." मी तिला सांगितले की माझ्या कार्डावर दरवर्षी चार पाहुण्यांना मोफत प्रवेश आहे. तिने पुन्हा पाहिले आणि मान हलवली. मी तिथेच बाजूला होऊन बँकेचे जुने ईमेल शोधले. जुलैमध्ये आलेल्या एका ईमेलच्या तळाशी, बारीक अक्षरांत, पाहुण्यांची सवलत १ ऑगस्टपासून बंद केल्याचे लिहिले होते. ईमेलचा विषय होता, 'आपल्या कार्डाचे नवे लाभ'.

दोघांचे मिळून पाच हजारांच्या वर होत होते. मी भरायला तयार झाले. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "एवढ्यात तिकडचा एक दिवस निघेल ग. नको." आई म्हणाली, "आम्ही इथे बाहेर बसतो. तू जाऊन ये. तुझे पैसे भरलेत ना त्याचे? मग वाया कशाला घालवायचे?" मी नाही म्हटले. ती पुन्हा म्हणाली, "जा म्हणते ना." मागे रांग खोळंबली होती आणि ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. आणि मी आत गेले.

हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. आत गेल्यावर मी ताटलीत डाळ, भात, पनीरची भाजी आणि दोन फुलके घेतले. फुलके होते. बसायला जागा मिळेना. अखेर खांबाला लागून असलेल्या एका टेबलापाशी मी बसले, तिथे समोर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. एका गृहस्थांनी येऊन विचारले, "इथे कोणी आहे का?" मी म्हटले, "नाही," आणि त्यांनी एक खुर्ची ओढून नेली. आतले अन्न बाहेर नेता येत नाही, अशी पाटी जेवणाच्या टेबलावर होती, आणि तरीही एक फुलका कागदी रुमालात गुंडाळावा असे मला दोनदा वाटले. नऊ वाजून गेले होते. बाबांनी गोळी घेतली असेल का, उपाशीपोटी घेतली असेल का, एवढेच डोक्यात फिरत होते. अर्धा फुलका खाऊन मी उठले. अठरा मिनिटे मी आत होते.

बाहेर आले तेव्हा ते दोघे खिडकीपाशी बसले होते आणि दोघांच्या मध्ये आईचा स्टीलचा डबा उघडा होता. मी स्वयंपाक करू नकोस म्हटल्यावरही तिने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. झाकणात लिंबाच्या लोणच्याची एक फोड होती आणि तिच्याखाली तेलाचा ओघळ पसरू नये म्हणून वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा ठेवलेला होता. बाबांची गोळी घेऊन झाली होती. आईने वर पाहून विचारले, "नीट जेवलीस ना?" मी हो म्हटले.

सिंगापूरचे पाच दिवस आनंदात गेले. सरंगून रोडवरचा बाजार आईला गिरगावासारखा वाटला आणि समुद्राकाठच्या बागेत बाबा काठी टेकत दोन तास चालले. कार्डाचा खरा उपयोग झाला तो तिथे. साध्या कार्डावर परदेशी खर्चाला साधारण साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के पडतात. माझ्या कार्डावर दोन टक्के अधिक जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के पडले. आम्ही हॉटेल धरून १,८०,००० रुपये खर्च केले, त्यावर ३,१८६ रुपये वाचले. एका दुकानात यंत्राने विचारले की पैसे रुपयांत घ्यायचे की सिंगापूरच्या डॉलरमध्ये, तेव्हा मी डॉलर निवडले. रुपये निवडले असते तर दुकानदाराच्या बँकेने स्वतःचा चढा दर लावला असता आणि ही बचत तिथेच गेली असती. मात्र भारतात आता परदेशी खर्चावर मुळीच अधिभार न घेणारी आणि वार्षिक शुल्कही नसलेली कार्डे मिळतात, तेव्हा एवढ्यासाठी ११,८०० रुपये भरण्याला अर्थ उरत नाही.

कार्डाबरोबरच्या विम्यावरही माझा भरवसा होता. घरी परतल्यावर कागद वाचला तेव्हा कळले की तो विमा विमान अपघातातल्या मृत्यूसाठी होता, आणि तोही फक्त कार्डधारकासाठी. आई-बाबांपैकी कोणी तिकडे आजारी पडले असते तर त्यातून एक रुपयाही मिळाला नसता. सुदैवाने माझ्या भावाने हट्टाने दोघांचा वेगळा वैद्यकीय प्रवास विमा काढला होता.

परतीच्या दिवशी चांगी विमानतळावर माझा आणखी एक मोफत प्रवेश शिल्लक होता. आम्ही दुपारीच विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल या संकुलात जाऊन बसलो. छतातून चाळीस मीटर खाली कोसळणारा तो धबधबा पाहायला तिकीट लागत नाही. तीन कॉफी आणि नारळाचा जॅम लावलेला टोस्ट आम्ही रोख पैशांनी घेतला. बाबा पाण्याकडे पाहत राहिले आणि आईने तिचा अर्धा टोस्ट त्यांच्या ताटलीत सरकवला. लाउंजची आठवण तिघांपैकी कोणीही काढली नाही.

मला अनेक जण विचारतात की असे कार्ड घ्यावे का. तुम्ही एकटे प्रवास करत असाल, वर्षातून आठ-दहा वेळा करत असाल आणि दर महिन्याचे बिल पूर्ण भरत असाल, तर शुल्क वसूल होऊ शकते. एकदा जरी बिल थकले तरी दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि ते वर्षाचे सगळे लाभ खाऊन टाकते. पण आपल्याकडे सुट्टीचा प्रवास एकटा कोण करतो? आपण आई-वडिलांना नेतो, मुलांना नेतो, कधी मावशी बरोबर असते. काही कार्डांवर पूरक कार्ड काढलेल्या घरच्या माणसालाही प्रवेश मिळतो, माझ्या कार्डावर तो मिळत नव्हता. हे मी घेण्यापूर्वी विचारले नव्हते. मी पाहिले होते ते फक्त वर्षाला किती प्रवेश आहेत. ते किती माणसांचे आहेत हे पाहिले नव्हते.

जानेवारीत नूतनीकरणाचे शुल्क लागण्याआधी मी बँकेला कार्ड बंद करायला सांगितले. फोनवरच्या बाईंनी निम्मे शुल्क माफ करण्याची तयारी दाखवली, मग पाच हजार पॉइंट देऊ केले. पाहुण्यांची सवलत परत मिळेल का, एवढेच मी विचारले. ती मिळणार नव्हती. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला दिले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझे चौथ्या दिवशी बंद झाले.

मार्चमध्ये आम्ही तिघे वाराणसीला निघतो आहोत. तिकिटे विमानकंपनीच्या संकेतस्थळावरून काढली आहेत आणि बाबांची व्हीलचेअर नोंदवून झाली आहे. विमान सकाळी अकराचे घेतले आहे, म्हणजे बाबांना घरून नीट नाश्ता करून, गोळी घेऊन निघता येईल. पुऱ्या या वेळी मी करणार आहे, असे आईला सांगितले आहे.