चौदावी चाल आणि बरोबरीचा दावा

डेक्कनवरच्या एका क्लासिकल (लांब वेळेच्या) बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीला मी पंच होतो. एका पटावर रुय लोपेझ या सुरुवातीमधला काळ्याचा बर्लिन बचाव आला. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने कास्पारोव्हविरुद्ध तो वापरला, तेव्हापासून त्याचा दबदबा आहे. त्यातला एक फाटा सरळ बरोबरीकडे नेतो. दहाव्या चालीनंतर वजीर समोरासमोर येतात, पांढरा डी४ वर, काळा डी६ वर. पुढे (व म्हणजे वजीर, + म्हणजे शह) ११. व ई४+ व ई६ १२. व डी४ व डी६ १३. व ई४+ व ई६ १४. व डी४ व डी६.

३० चालींआधी संमतीने बरोबरी करायला स्पर्धेत बंदी होती. तिहेरी पुनरावृत्तीला, म्हणजे तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यावर मागता येणाऱ्या बरोबरीला, ती बंदी लागत नाही, म्हणून मुलं हा फाटा घोकूनच येतात.

काळ्याने चौदावी चाल पटावर खेळली, घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला. स्थिती खरोखरच तिसऱ्यांदा आली होती. दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या चालीनंतर. तरीही दावा मला फेटाळावा लागला. दावा ज्याची चाल आहे त्यानेच करायचा असतो, आणि आता चाल पांढऱ्याची होती. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता हक्क जातो, हे फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांतलं कलम ९.४ सांगतं. पांढरा दावा करू शकत होता, पण शेजारच्या पटाचा निकाल लागल्यामुळे अर्ध्या गुणाने त्याचं भागणार नव्हतं. तो १५. व ई३+ खेळला.

हा मोठा धोका. इथे प्यादी सारखी, सहा-सहा, पण काळ्याकडे दोन्ही उंट असतात, पांढऱ्याकडे एक उंट आणि एक घोडा. मधले स्तंभ मोकळे, त्यामुळे उंटांना लांबवर मोकळं रान मिळतं. तेच झालं, काळा जिंकला.

डाव संपल्यावर एका प्रशिक्षकांनी विचारलं, ‘‘सर, पंचांनी स्वतःहून बरोबरी द्यायला नको होती का?’’ नाही. पंच आपणहून डाव थांबवतो तो तीच स्थिती पाचव्यांदा आल्यावर. तिसऱ्या वेळी मागावंच लागतं: ‘व डी६’ आधी नोंदपत्रकावर लिहायचं, मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवायचं, पंचांना बोलवायचं. मोजणी चुकली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते.