जनसुनावणीत सड्याची बाजू मांडताना

रत्नागिरी जिल्ह्यातील कातळसड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरच्या, वनस्पतींवर मी पीएच.डी. करत असताना, आमच्या अभ्यासक्षेत्रातल्याच एका सड्यावरील प्रस्तावित खाणीच्या जनसुनावणीची सूचना प्रसिद्ध झाली. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अशी सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा मसुदा लोकांना पाहता येतो. मी तो जिल्हाधिकारी कार्यालयात बसून वाचला. वनस्पतींची नोंद मार्च ते मे या काळातली होती. एका हंगामाची, तीही पावसाळा वगळून घेतलेली माहिती पुरेशी धरण्याची रीतच आहे. पण सडा जिवंत होतो तो पावसातच. फक्त कोकणातल्या सड्यांवर आढळणारी दीपकाडी पहिल्या पावसानंतर फुलते, पुढे सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती येतात. उन्हाळ्यात तिथे काळा, तापलेला कातळ तेवढा दिसतो आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, अशी असते.

मी आठवडाभर खपून चाळीस पानांचे इंग्रजी निवेदन तयार केले. गावातल्या एका निवृत्त तलाठीकाकांनी ते चाळून विचारले, "ताई, यात गट नंबर कुठे आहे?" तो नव्हताच. अक्षांश-रेखांश होते, विविधतेचे निर्देशांक होते. अधिकाऱ्यांना कागदाशी ताडून पाहता येईल असे काही नव्हते. मग काकांच्या शेजारी बसून मी मराठीत दोन पाने लिहिली: गटनिहाय नोंदी, एकाच जागेची मे आणि जुलैमधली छायाचित्रे, सड्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर चालणारे खालच्या वाडीचे पऱ्हे (लहान ओढे), आणि एकच मागणी, की निर्णयापूर्वी पावसाळी सर्वेक्षण व्हावे.

सुनावणीत मला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले, तेव्हा माझ्या नावापुढे "प्रकल्पास विरोध" एवढेच होते. माझा आवाज कापत होता, तरी मी उठून दुरुस्ती मागितली, कारण पुढे प्रकल्पाची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर जातो तो हाच कागद. विरोधाची नुसती नोंद मोजली जाते. नेमक्या मागणीला मात्र प्रकल्पधारकाला अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांनी लिपिकाला थांबवले, माझी दोन पाने मागून घेतली आणि पावसाळी सर्वेक्षणाची मागणी गट नंबरांसह लिहायला सांगितली. ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचून झाल्यावरच मी खाली बसले.