दादाच्या आजाराचा पत्ता

दादा जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायचा. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. शेजारच्या काकू त्याचं कौतुक करायच्या. दहाव्या वर्षी त्याचं चालणं थांबलं, एकोणिसाव्या वर्षी तो गेला. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार.

"तुझ्याकडूनच आलंय," हे आईला घरच्यांनी किती वेळा ऐकवलं असेल!

गेल्या महिन्यात आईची आणि माझी रक्ततपासणी झाली. आईच्या एका एक्स गुणसूत्रावर डिस्ट्रोफिन जनुकाचे 45 ते 50 हे एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची कृती सांगणारे तुकडे, नाहीत. माझ्या दोन्ही प्रती पूर्ण आहेत. तेव्हापासून बिघाडाच्या जागेचा हा पत्ता कुणी कसा शोधला, तेच वाचत बसले आहे.

मुलींकडे दोन एक्स असतात, एक बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेतं, म्हणून त्यांना हा आजार सहसा होत नाही. तरी मोजक्या मुली सापडल्या, ज्यांचं एक एक्स तुटून दुसऱ्या गुणसूत्राला जोडलं गेलं होतं. ते दुसरं गुणसूत्र प्रत्येकीत वेगळं. एक्स मात्र दर वेळी आखूड भुजेवर, एक्सपी21 या पट्ट्यातच तुटलेलं. या मुलींच्या पेशींत धड असलेलं एक्स गप्प राहतं आणि सगळी भिस्त तुटक्यावर. म्हणून आजार. त्या मुलींचे आपल्यावर केवढे उपकार!

मग बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने एका आजारी मुलाचा डीएनए घेतला. त्याच्या एक्सवरचा तिथला तुकडाच गळाला होता. दुसऱ्यांच्या डीएनएत आहे आणि त्याच्यात नाही, तेवढंच त्यांनी वेगळं काढलं. 1986 मध्ये जनुकाचे भाग हाती लागले. 1987 मध्ये त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रोफिन हे नाव मिळालं. जनुकात 79 एक्सॉन, डीएनएची वीस लाखांहून जास्त अक्षरं. एवढं लांबलचक जनुक मोडायला जागाही पुष्कळ. साधारण तीनातल्या एका मुलात बिघाड नव्यानेच होतो, आईकडे काही नसतं.

आमच्या आईकडे आहे. तिला भाऊ नाही, मामा नव्हता, त्यामुळे तो कुठून सुरू झाला ते आता कळायचं नाही. चष्मा लावून तिने अहवाल दोनदा वाचला, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "सहाच?"

मी हो म्हटलं. मग दोघी बराच वेळ रडलो.

आईसारख्या वाहक, म्हणजे बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या, बायकांचं हृदयही अशक्त होऊ शकतं, हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी आईचा टू-डी इको आहे.