माजलेलं झाड

दसरा झाला की आमच्याकडे कूलर आवरायचं काम निघतं. ऑक्टोबरच्या उन्हात त्याला कुणी हात लावत नाही, म्हणून भर दुपारी मीच घरामागे गेले. पंप सोडवला, खसच्या ताट्या काढल्या आणि सहज वर पाहिलं, तर कंपाउंडच्या भिंतीवरून पिवळ्याजर्द फळांचे घोस लोंबत होते. अगदी बोरमाळ, मणी तेवढे जरा नारिंगीकडे झुकलेले.

हे झाड इथे कधी आलं, कुणालाच आठवेना. शेजारच्या काकू गच्चीवरूनच म्हणाल्या, "कुंती आहे गं ती." पण कुंतीची फळं लाल, आणि तिच्या एकेका देठावर छोट्या पानांची रांग असते, पान चुरगळलं की लिंबाच्या जातीचा वास येतो. ह्याची पानं सुटी, समोरासमोर जोडीने, आणि वास म्हणाल तर काहीच नाही. ह्यांनी टप घासता घासता "रायमुनिया" असा निकाल देऊन टाकला. ह्यांना नाव माहीत नसलेलं प्रत्येक झुडूप रायमुनियाच असतं.

रायमुनिया मला कुणी शिकवायला नको. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं सेमिनरी हिल्सच्या उतारावर त्यासाठीच जायचो. खरखरीत चौकोनी फांद्या, तो उग्र वास, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं. हिरवी फळं सोडायची, काळी तेवढी वेचायची, आणि परतताना जिभा काढून एकमेकांच्या तपासायच्या. घरी मोठी आई दारातच अडवायची. "काय खाऊन आले रे पोट्टेहो? दाखवा जिभा!" मग सरसकट सगळ्यांना काढेचिराइताचा घोट, खाल्लं असो की नसो. वर ठरलेलं वाक्य, "पाखरं खातेत म्हणून आपण खायचं काय?" तो कडूपणा अजून घशात आहे. रायमुनियाची चव मात्र काही केल्या आठवत नाही.

तर ही रायमुनिया नव्हे. स्टुलावर चढून एक घोस खाली ओढला. फळ जेमतेम सेंटिमीटरभर. फुलाच्या तळाशी असतो तो हिरवा पेला फळाभोवती वाढून पिवळा झालेला, आणि टोकाशी मुरडून बंद झालेला. शेंड्याला थोडी फुलंही होती, जांभळी, पाच पाकळ्यांची, दोन पाकळ्यांवर गडद रेघ. पानाच्या बगलेत एक काटा होता, तो बोटात गेल्यावर कळला. फांदी घेऊन नर्सरीत गेले. तिथल्या भाऊंनी कुंड्यांना पाणी घालणंही थांबवलं नाही. "ड्युरांटा होय ना ताई. तुमच्या गेटजवळ आहे तोच."

गेटजवळचा? तो तर सोनेरी पानांचा, गुडघ्याएवढा, वरून सपाट कातरलेला. अर्ध्या नागपूरच्या कुंपणांत आहे तोच. पण खरं आहे ते. सावलीत त्याचं सोनं उतरतं आणि पान हिरवं पडतं. फुलं येतात नव्या फुटव्याच्या शेंड्याला, आणि कात्री दर खेपेला नेमका तोच शेंडा नेते. कूलरमागे कात्री पोहोचली नाही, उन्हाळाभर गळकं पाणी मिळालं, भिंतीवर डोकं काढल्यावर ऊनही मिळालं.

मला कातरलेली कुंपणं पहिल्यापासूनच आवडत नाहीत. झाड लावायचं, आणि मग ते वाढतं म्हणून पैसे देऊन माणूस लावायचा! लिनियसने 1753 साली कास्तोरे दुरांते ह्या सोळाव्या शतकातल्या इटालियन वैद्याच्या नावाने ह्याची नोंद केली. मूळ मुलूख अमेरिकेतला, मेक्सिकोपासून पार दक्षिणेपर्यंत. मोकळं सोडलं तर पंधरा फूट सहज जातं. एवढ्या लांबून यायचं आणि आमच्या गेटशी गुडघाभर उभं राहायचं.

माळीदादा आले तेव्हा कात्री परजूनच मागे गेले. "ताई, हे तर माजून राहिलं. सपाट करून देऊ काय?" मी म्हटलं, माजू द्या. येत्या पावसाळ्यात ह्याच्याच पेन्सिलीएवढ्या जाड काड्या मागच्या भिंतीलगत खोचायच्याही ठरवल्या होत्या; लगेच लागतात म्हणे.

बुलबुल सकाळपासून त्या घोसांवर असतात. त्यांना काही होत नाही. माणसाचं तसं नाही. ह्या झाडाच्या पानांत आणि फळांत विष आहे, आणि ती खाऊन लहान मुलं, कुत्री-मांजरं दगावल्याच्या नोंदी आहेत. डिसेंबरात भाची येते आहे, रांगतं बाळ घेऊन. सापडेल ते तोंडात घालायचं वय. माळीदादांना पुन्हा बोलावलं आहे, हात पोचेल तिथपर्यंतच्या सगळ्या फांद्या काढायला. काड्या खोचायचं पुढचं पुढे. खाली पडलेली फळं मात्र बाळ असेपर्यंत रोज सकाळी मी स्वतः झाडणार आहे. ते काम कुणावर सोडायचं नाही.