साठेखताचं शेणखत

शिवाजीनगर कोर्टात आमचं अपील फेटाळलं गेलं, तेव्हा वकीलबाईंचं पहिलं वाक्य होतं, "काका, निकालाच्या नकलेचा अर्ज आजच टाकू." वाईट वाटून घ्यायलाही वेळ दिला नाही. बरोबरच होतं. उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलाला ९० दिवस असतात. नकलेत गेलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज वेळेत केलेला असला तर. नक्कल हातात पडली की अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी, या तारखा तिथेच उभं राहून वाचा.

वकीलपत्र, कोर्ट फी वगैरे सुरळीत झालं. अडलं ते भाषांतरात.

आमचा निकाल मराठीत, साक्षी मराठीत, सातबारा तर मराठीच. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. (कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच बसतं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आपली मुंबईच.) म्हणजे १४२ पानं इंग्रजीत हवी होती आणि भाषांतर बरोबर असल्याची वकिलाची सही.

मुलगा म्हणाला, "बाबा, एआयला टाका, दहा मिनिटांचं काम." खरंच झालं. इंग्रजीही असं झुळझुळीत, की चौतीस वर्षं बँकेत पत्रं लिहूनही मला कधी जमलं नाही. मी तोऱ्यात प्रिंट काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या चुलत्यांनी खत विकलं होतं का?"

साठेखत, म्हणजे जमीन पुढे विकण्याचा करार! यंत्राने त्याचं 'स्टोअर्ड फर्टिलायझर' केलं होतं. पुढे खरेदीखत आलं तर तिथे 'परचेस ऑफ फर्टिलायझर'. खातेफोडीचं, म्हणजे सामाईक जमिनीच्या वाटणीचं, 'ब्रेकिंग ऑफ अकाउंट'. सातबाऱ्यावरचं 'कुळ, खंड व इतर अधिकार' हे आम्ही शाळेत भूगोल शिकतोय अशा थाटात 'क्लॅन, कॉन्टिनेंट अँड अदर राइट्स' झालेलं.

हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. आमचा सगळा दावा 'कुळ' या एका शब्दावर उभा आहे. आजोबा कुळ म्हणून, म्हणजे मालकाला खंड (भाडं) देऊन, जमीन कसत होते. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनाला, कुळकायद्याने कसणारा मालक मानला गेला आणि पुढे आम्हाला त्या कायद्याच्या कलम ३२म चं, म्हणजे मालकीचं, प्रमाणपत्र मिळालं. अशी जमीन परवानगीशिवाय विकायला तेव्हा त्याच कायद्याचं कलम ४३ आडवं यायचं. चुलत्यांचं साठेखत त्यात बसतं का, हा आमचा प्रश्न. दुसरं अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच दाखल करून घेतात. तो प्रश्नच 'क्लॅन' आणि 'फर्टिलायझर'मध्ये पुरला गेल्यावर न्यायाधीश वाचणार काय? "यावर मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

ठीक आहे, माणसाकडून करून घेऊ. एका भाषांतराच्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, पण आठवलं की अजून डोकं तापतं. पानाला शंभर रुपये, "सगळं हाताने, काका, अनुभवी माणसं आहेत." आठ दिवसांचा वायदा, लागले तेवीस. फोन केला की "आज संध्याकाळी". संध्याकाळी गेलं की "साहेब बाहेर गेलेत". इकडे माझे ९० दिवस पळतायत. अखेर गठ्ठा मिळाला, मी उभ्या उभ्या तिसरं पान उघडलं.

स्टोअर्ड फर्टिलायझर.

स्वल्पविरामसुद्धा तेच. चौदा हजार दोनशे रुपये देऊन मी माझ्याच मुलाने फुकटात काढलेलं भाषांतर परत विकत घेतलं होतं. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, चूक मशीनची आहे, आमची नाही."

भाषांतर कुठेही द्या, आधी एकच पान द्या आणि त्यात खरेदीखत, कुळ, फेरफार असे शब्द असतील ते पान निवडा. मला हे तेवीस दिवस उशिरा सुचलं.

सर्वोच्च न्यायालयही यंत्र वापरतं. निकाल भारतीय भाषांत आणायला २०१९ पासून 'सुवास' हे सॉफ्टवेअर आहे, पण त्याच्या मागे तपासणारा माणूस बसवलेला असतो, आणि अधिकृत धरतात ती इंग्रजी प्रतच. 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपिलाला परवानगी, तिथे यंत्राने सुट्टी मंजूर केली, हा किस्सा त्या न्यायालयातूनच बाहेर आलाय. आमच्याकडे तपासणारा माणूसच गायब होता, आणि पैसे मात्र त्याच्याच नावाने घेतले होते.

शेवटी बाईंच्या ओळखीचे एक निवृत्त शिरस्तेदार, म्हणजे कोर्टातले वरिष्ठ कारकून, भेटले. सदाशिव पेठेत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांनी यंत्राची प्रत फेकली नाही, हे मला विशेष वाटलं. तीच समोर ठेवली, शेजारी मराठी मूळ, आणि लाल पेनाने ओळ न् ओळ लावत गेले. 'कुळ'वर गोल करून 'टेनंट', 'खंड'वर 'रेंट'. मी शेजारी बसून मोठ्याने मराठी वाचायचो. सहा दिवसांत झालं. चहाला मात्र रोज नाही म्हणायचे.

हो, एक राहिलं. मुलाने त्याच एआयला विचारून आमच्या बाजूचे तीन निवाडेही काढले होते, क्रमांक-वर्षासकट. बाईंनी शोधले, त्यातले दोन कुठेच नव्हते. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराची एक आकारणी रद्द केली, कारण त्या आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता, हे त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. तो तेव्हापासून गप्प आहे.

मुदत संपायला चार दिवस असताना अपील दाखल झालं. दुकानाकडे अर्धे पैसे परत मागितलेत. "साहेब बाहेर गेलेत."